कांदा खिशात ठेवायचा असतो

बाबा, परवा आमच्या गल्लीतली शेजारीण वही अन् पेन घेऊन ओट्यावर येऊन बसली. तिचा मुलगा जर्मनीत असतो अन् येत्या पंधरवड्यात ती पहिल्यांदाच त्याच्याकडं जाते आहे. म्हणे, "काकू, तुमी जपान पाहून आल्या. परदेशात कसं राहाचं, काय न्याचं, काय नाई न्याचं, सारं सांगा मले. लिहून घेतल्याबिगर उठत नाई आज." घ्या! मी चौथी शिकलेली बाई, अन् माझ्यापुढं वही उघडून बसली ती बी.ए. झालेली. मला इतका आनंद झाला की चहा ठेवायचा सोडून मी आधी पदर नीट केला. मग सुरूच झाले. बॅगच्या मुठीला जुन्या गोधडीचा तुकडा बांध, विमानतळाच्या पट्ट्यावर फिरताना सगळ्या बॅगा सारख्या दिसतात. लाल फीत बांधू नको, ती सगळेच बांधतात. कोणाच्या दारात गेलीस की आधी लोकांच्या पायांकडं पाहा, जोडे कुठं काढायचे ते कळतं. वाट विचारायची तर बसलेल्या माणसाला विचार, चालत्याला नाही. चालता माणूस घाईत असतो, काहीतरी सांगून मोकळा होतो. वळणावळणावर थांबून मागं पाहा. ती लिहीत होती, मी सांगत होते, अन् सांगता सांगता माझी जीभ अडखळली. गोधडीचा तुकडा सोडला तर यातलं काहीच मी जपानात शिकले नव्हते. हे तर सारं तुमचं. पातूरच्या लेण्यांच्या पायरीवर उभं राहून तुम्ही पाहुण्यांना जे सांगायचे, तेच मी जर्मनीला धाडत होते.

"अजून?" तिनं विचारलं. "अजून एक हाय," मी म्हटलं, "पन ते उद्या सांगीन." त्या एकासाठी हे पत्र लिहायला बसले आहे. शाळेत गिरवली तशी भाषा लिहिते, कारण तुम्हीच म्हणायचे, कागदावर नीट लिहावं, कागद म्हणजे सरकारदरबार. तोंडात मात्र अजून आपलीच बोली आहे. जपानातही तीच होती.

आठवतं ना बाबा, लेण्यांत पाहण्यासारखं फार काही नव्हतं. दगडाचे खांब, आतला अंधार, अन् वैशाखातसुद्धा पाठीला लागणारा गारवा. पण माणसं यायची. अकोल्याहून कॉलेजची पोरं यायची, साहेब लोक यायचे, अन् वर्षा-दोन वर्षांत एखादा गोरा पाहुणा. तुम्ही तिथले राखणदार. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं, हिंदीही मोडकीच, पण लहान-मोठ्या सगळ्यांना तुम्ही एकाच सुरात सांगायचे. उन्हातून आले, आधी बसा, घाम मरू द्या, मग पाणी प्या. कपारीत हात घालू नका. वर आग्यामोहोळ आहे, बिडी विझवा. विहिरीवरच्या बायांचा फोटो घ्यायचा तर त्यांना आधी विचारा. जाताना मागं वळून पाहत जा, परतताना तीच वाट उलटी दिसते अन् माणूस फसतो. कोणी खायला दिलं तर पहिला घास नाकारू नका, दुसऱ्याला नाही म्हटलं तर चालतं. शाळेला सुट्टी असली की मी तुमच्या मागं मागं. सारं मला पाठ. एखाद्या वेळी तुम्ही विसरले तर मीच मागून ओरडायची, "बाबा, मोहोळाचं राह्यलं!" अन् घरी माय म्हणायची, "एका राखणदाराले जेवू घालता घालता पुरे झालं होतं, आता दोन झाले."

त्या दिवशीही मी होतेच. चैत्र सरत आला होता, खडक पायाला चटका देत होता. अकोल्याहून जीप आली अन् त्यातून एक गोरी बाई उतरली. एकटी. गळ्यात कॅमेरा, अंगात पँट अन् पँटला हे मोठाले खिसे. मी नऊ-दहा वर्षांची, बाईमाणसाला खिसे असतात हेच मी पहिल्यांदा पाहत होते. तिचा चेहरा उन्हानं असा लाल झाला होता की मला भीती वाटली. तुम्ही तिला सावलीत बसवलं, तुमच्या डोक्याचा दुपट्टा माठाच्या पाण्यात भिजवून तिच्या डोक्याला बांधला. मग शर्टाच्या खिशातून कांदा काढला. आपल्याकडं उन्हाळ्यात कोणाच्या खिशात कांदा नसतो? ऊन बाधू नये म्हणून लहान लेकराच्या चड्डीतही माय कांदा घालून देते. तुम्ही तो धोतराला पुसून तिच्या हातावर ठेवला. तेवढ्यात जीपवाला खालून ओरडला, "दादा, गाडीले पानी पाह्यजे, डबा हाय काय?" अन् तुम्ही डबा घ्यायला वळले. डबा घेऊन येता तर त्या बाईनं सालासकट कांद्याचा लचका तोडलेला! डोळ्यांना पाणी, नाकाला पाणी, अन् तरी ती चावतेच आहे, मान हलवून छान छान म्हणतेच आहे. मी पायरीवर बसले अन् पोट धरून हसले. खांबांमधून माझं हसू घुमलं, ते आत जाऊन पुन्हा बाहेर आलं.

तुम्ही माझा दंड धरला. मारलं नाही, तुम्ही कधी मारलंच नाही. "हासतं कायले, पोट्टे? ते आपल्या घरी आली हाय. तिच्या गावात कोनी खिशात कांदा नसन ठेवत. तिले काय मालूम? उद्या तू तिच्या गावात गेली तं तुले तरी काय समजन?" मग तिच्यापुढं जाऊन हात जोडले. "मेरी गलती, बाई. देके चला गया, बराबर बताया नहीं." तुमचा दुपट्टा तिच्या डोक्याला होता, म्हणून तुम्ही उघड्या डोक्यानं उन्हात उभे होते. तिला काय समजलं कोण जाणे, पण तिनंही हात जोडले अन् उरलेला कांदा खिशात टाकला. जाताना जीपमधून तिनं मला हात हलवला. मी हलवला नाही.

त्या दिवसापासून तुमच्या सांगण्यात एक गोष्ट वाढली. कोणाच्या हातात नवी वस्तू द्यायची तर आधी आपण वापरून दाखवायची. पाहुणा आला की तुम्ही कांदा त्याच्यादेखत स्वतःच्या खिशात टाकायचे, वरून दोनदा थोपटायचे, पुन्हा काढायचे अन् मग द्यायचे. गावातली माणसं चेष्टा करायची, "सुरू झाला कांद्याचा खेळ." तुम्ही हसायचे, पण सोडलं नाही. तुम्ही गेले तेव्हाही उन्हाळाच होता. खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात कांदा होता. मायनं तो चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवला. तो कोणी चिरला नाही.

आता जपानचं सांगते. माझी धाकटी लेक तिकडं कंप्युटरच्या कामाला आहे, जावईही तिथंच. लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा कुठं तिच्या घरी पाळणा आला. मुलगी झाली, बाबा, तुमची पणती! नाक थेट तुमचं, बसकं. मी सगळ्यांना तेच सांगते अन् लेक म्हणते, आई, नाकाचं सोडून दुसरं काही सांग ना. तिच्या सासूचे गुडघे धरलेले, म्हणून बाळंतपणाला मी गेले. तीन महिन्यांचा व्हिसा. डिंकाचे लाडू, अळीव, बाळाला चोळायला तिळाचं तेल, सारं घेऊन गेले. नागपूरपर्यंत मुलानं पोचवलं, पुढं दोन विमानं मी एकटी. पण घरात पोचले अन् माझं सारं शहाणपण गेलं. संडासच्या चपला वेगळ्या असतात तिथं, मी त्याच घालून बैठकीत आले. संडासाला इतकी बटणं की एक दाबलं तर खालून पाण्याची पिचकारी. मी किंचाळले अन् झोपलेलं बाळ उठलं. कचरा टाकायला रस्त्यावर डबा नसतो, ज्याचा त्यानं घरी न्यायचा, म्हणून केळ्याचं साल दिवसभर पर्समध्ये घेऊन फिरले अन् तिथंच विसरले. लेक आधी हसली, मग हसेनाशी झाली. तिलाही झोप नव्हती हो. एक दिवस ती जावयाला म्हणताना ऐकलं, "मी बाळाकडं पाहू की आईकडं?" अन् दुसऱ्या दिवशी जावई माझ्याजवळ येऊन बसले, प्रेमानंच म्हणाले, "आई, तुमाले इथं कोंडल्यासारखं होत असन ना? परतीचं तिकीट अलीकडचं करू काय?"

मी हसून म्हटलं, पाहू. पण जायचं नव्हतं मला. अकरा वर्षं ज्या लेकराची वाट पाहिली, त्याचं पहिलं हसू मी अमरावतीच्या घरी बसून फोनवर पाहायचं? मी ठरवलं, घरातून एकटी बाहेर जायचं, एक काम करून परत यायचं. एवढं जमलं तर ठेवतील मला.

दोन दिवसांनी दूध संपलं. जावई कामावर, लेक अन् बाळ दोघी झोपलेल्या. दुधाचा रिकामा खोका पिशवीत टाकला, दुकानात दाखवायला. लुगड्यावर स्वेटर, पायात मोजे अन् जावयाचे बूट, अशी निघाले. फोन चार्जिंगला होता तो तिथंच राहिला. दर वळणावर मागं पाहिलं, तुम्ही सांगितलं तसं. एका कोपऱ्यावर लाल टपालपेटी. पुढं एक झाड, पानं सारी झडलेली अन् शेंड्याला केशरी फळं, दिवाळीच्या पणत्यांसारखी. दुकान सापडलं. खोका दाखवला, तस्सा दुसरा मिळाला. काय सांगू, मला तर अकोल्याचा किल्ला जिंकल्यासारखं वाटलं! त्या आनंदातच मी बाहेर पडले, अन् तिथंच चूक झाली. दुकानाला दारं दोन होती. मी दुसऱ्या दारानं बाहेर पडले. टपालपेटी नाही, झाड नाही. वरून बर्फ भुरभुरायला लागला. हात आधी दुखले, मग दुखायचे थांबले, ते जास्त वाईट. वाट बसलेल्या माणसाला विचारायची, पण बाबा, त्या थंडीत बसतो कोण! सारा गाव चालत होता. किती फिरले कोण जाणे, शेवटी बस थांबते तिथल्या बाकावर एक म्हातारी दिसली, माझ्याच वयाची, शेजारी पाठीला दप्तर लावलेली सात-आठ वर्षांची नात. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले अन् चक्क म्हटलं, "बाई, माहं घर चुकलं." हातानं पाळणा हलवून दाखवला, दूध दाखवलं, बोटानं चारी दिशा दाखवल्या.

ती काय समजली माहीत नाही. तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. पिशवीतून एक पुडी काढली, वरचा कागद फाडला अन् आतली मऊ पांढरी चौकोनी थैली माझ्या हातावर ठेवली. चाचपून पाहिलं तर आत पीठ, सातूचं असतं तसं. मला वाटलं, बाईनं खायला दिलं. पहिला घास नाकारायचा नाही! मी थैलीचा कोपरा दातात धरला अन् ओढला. ती नात असली खुदकन हसली, बाबा, असली हसली की बाकावरून घसरलीच. अन् म्हातारीनं तिच्याकडं वळून एकच वाक्य टाकलं, हळू आवाजात. मला त्यातला एक शब्द येत नव्हता, पण मला सारं समजलं. हासतं कायले, पोट्टे? ते आपल्या घरी आली हाय.

मग तिनं ती थैली माझ्या हातातून घेतली. दोन-चारदा हलवली, स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकली, वरून दोनदा थोपटलं. पुन्हा काढून मला दिली. मी स्वेटरच्या खिशात ठेवली. अन् थोड्या वेळात ती थैली गरम व्हायला लागली. विस्तव नाही, पाणी नाही, आपली आपण गरम! तिकडं थंडीत हात शेकायला सगळेच ती खिशात ठेवतात, हे लेकीनं मग सांगितलं. पण तेव्हा माझी बोटं त्या उबेत उघडत होती अन् डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातूनही. कांदा न खाता. म्हातारी घाबरली असेल, तिनं माझी पाठ चोळली. नंतर दुधाच्या खोक्यावरून ओळखून तिनं मला दुकानाशी आणलं, मी खुणेनं दुकानाला वळसा घालायला लावला, अन् पहिल्या दारापुढं उभी राहिले तर समोर केशरी फळं अन् पुढं टपालपेटी. तिथून मीच पुढं झाले. दूध त्या नातीनं उचललं होतं, दारापर्यंत आणून दिलं, अन् वाकून नमस्कार केला.

दारात लेक बाळाला छातीशी धरून उभी, पांढरीफटक. "आई! कुठं गेली होती तू? फोन इथंच सोडून!"

"दुधाले."

"दुधाले? एकटी?"

"एकटी गेली, तिघी आलो," मी म्हटलं.

ती रडायलाच लागली, अन् रडता रडता हसायला लागली. संध्याकाळी जावई घरी आल्यावर सारं ऐकून म्हणाले, "मंग उद्यापासून दूध आईकडंच." तिकिटाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. मी पूर्ण तीन महिने राहिले. तिसऱ्या दिवशी त्या म्हातारीला बाकावर गाठून डिंकाचा लाडू दिला. आधी मी एक घास खाऊन दाखवला, मगच तिच्या हातावर ठेवला. ती घास तोंडात घोळवत बसली, नातीनं दोन खाल्ले. अन् बाळ दुसरा महिना संपता संपता हसलं. माझ्याकडं पाहून हसलं. लेक म्हणते पोटातल्या गॅसचं हसू होतं. तिला काय कळतं!

काल शेजारीण पुन्हा आली. मी तिला राहिलेली गोष्ट सांगितली, हातात देण्याआधी वापरून दाखव. "हे कोनं शिकवलं तुमाले?" "माह्या बाबानं." "काहून?" "एका बाईनं कांदा खाल्ला होता," एवढंच सांगितलं. पुढचं तिला नाही सांगितलं. तुम्हाला सांगते.

त्या दिवशी तुम्ही डबा आणायला वळले, तेव्हा त्या गोऱ्या बाईनं कांदा हातात फिरवला अन् माझ्याकडं पाहिलं. भुवया वर केल्या, म्हणजे याचं काय करायचं? अन् मी बोटं तोंडाशी नेली. खा. गंमत म्हणून. मला पाठ होतं सारं, कांदा खिशात ठेवतात हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी तुमची पोरगी होते. गलती तुमची नव्हती, बाबा. त्या जपानी म्हातारीनं नातीला रागावलं तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, राहू द्या हो, ती नुसती हसली आहे.

ती थैली मी टाकली नाही. आता थंड होऊन दगडासारखी कडक झाली आहे. हा कागद तिच्यासोबत घडी करून माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवते. धाडायचं कुठं म्हणून नव्हे. पत्ता असता तरी धाडलं नसतं, खरं सांगते. इतक्या वर्षांनीही एका गोष्टीची मला अजून भीती वाटते. त्या दिवशी पाण्याचा डबा उचलताना तुम्ही मागं वळून पाहिलं असेल. पाहायचेच तुम्ही, दर वळणावर. माझी खूण तुम्हाला दिसली असेल, अन् तरी हात तुम्हीच जोडले असतील.